नान्नज, नळदुर्ग, हिप्परगा: दोन दिवसांत कसं बसवायचं?

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी. नाशिकहून ताई-दाजी आणि त्यांची दोन पोरं (८ आणि १२ वर्षं) सोलापूरला आमच्याकडे येणार आहेत, आई-बाबाही बरोबर असतील. एकूण सात जण, मोठी गाडी आहे. हाताशी शनिवार-रविवार. भाच्याला पक्ष्यांचं वेड, दाजींना किल्ल्यांचं, आणि आईचे गुडघे दुखतात. तेव्हा सगळ्यांचं जमेल असं काहीतरी सुचवा.

नान्नजचं माळढोक अभयारण्य आणि नळदुर्गचा किल्ला एकाच दिवशी उरकेल का? माळढोक खरंच दिसतो की नुसता पाटीवरच? नळदुर्गचा धबधबा बघायचा तर कोणता महिना धरावा? आईला किल्ल्यात कुठवर नेता येईल? तारीख ठरलेली नाही, दसरा-दिवाळीच्या आगेमागे कधीही जमेल. जेवणाचंही सांगा.

माळटिटवी

आधी माळढोकाचं सांगतो, कारण सगळ्यांचा हिरमोड तिथंच होतो. दिसणार नाही असं धरूनच जा. देशभरात मिळून हा पक्षी आता दीडशेच्या आत उरलाय, त्यातलेही बहुतेक राजस्थानात. नान्नजला अलीकडच्या नोंदी एखाददुसऱ्या पक्ष्याच्या आहेत. नर मीटरभर उंच, वजन पंधरा किलोपर्यंत. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने उडताना समोरचं नीट दिसत नाही, आणि एवढ्या वजनाला ऐनवेळी वळणं जमत नाही. म्हणून विजेच्या तारा हा त्याचा काळ. त्यात मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एक अंडं कुत्र्याने नाहीतर गुरांच्या खुराने गेलं की तो हंगाम वाया. तुमच्या भाच्याला हे जायच्या आधी सांगून ठेवा, मग तो माळावर फक्त माळढोक शोधत बसणार नाही.

दुसरा हिरमोड आकाराचा. अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात पसरलेलं. त्यात गावंच्या गावं आणि लोकांची कसती शेतं आली होती, त्यामुळे पुढे ते घटवून साधारण १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. प्रत्यक्षात आपण बघतो ते वनखात्याने चराई बंद करून राखलेले गवताचे तुकडे, अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात तयार झालेले. मधे-मधे शेतं, द्राक्षबागा, रस्ते आहेतच. ताडोबासारखं काही मनात धरून कुणी आलं तर त्याला वाटेल, अजून अभयारण्य यायचंय.

आता दिसतं काय ते. काळवीट हमखास. काळा-पांढरा नर आणि भोवती तपकिरी माद्या, गाडीतूनही छान दिसतात. नशीब असेल तर लांडगा, मेंढरांचे कळप फिरतात त्या बाजूला जास्त. खोकड सकाळी बिळाजवळ ऊन खात बसलेलं सापडतं. पक्ष्यांत माळटिटवी (म्हणजे मीच!), धाविक, डोंबारी चंडोल, मुरारी, खाटीक, कापशी, सर्पगरुड. पखुर्डीचे थवे सकाळी आठ-नऊच्या सुमाराला पाणवठ्यावर येतात. पाणवठा कुठे आहे ते वनरक्षकांना विचारा आणि तिथून भरपूर लांब थांबा, कारण माणूस दिसला की थवा वरच्या वर दोन घिरट्या घालून पाणी न पिताच निघून जातो.

खरी मजा भोवत्यांची. माँटेग्यू भोवत्या आणि फिका भोवत्या हे दोघे थंडीत येतात, गवतावरून हातभर उंचीवरून इंग्रजी व्हीसारखे पंख धरून तरंगत जातात, नाकतोडे टिपतात. रात्री ते झाडावर नाही, गवतातच जमिनीवर बसतात, म्हणून सूर्य कलला की चहूबाजूंनी माळावर यायला लागतात. नर ओळखता येतात: राखाडी, पंखाची टोकं काळी. माँटेग्यूच्या पंखावर एक काळी पट्टी आडवी जाते, फिक्याला ती नसते आणि तो एकूणच पांढुरका. तपकिरी माद्या आणि पिल्लं ओळखायच्या भानगडीत पहिल्याच दिवशी पडू नका, त्यात भले भले अडकतात.

वेळेचं सांगायचं तर सकाळी उजाडताना फाटकावर हवं. डिसेंबरात सूर्य सातला दहा-पंधरा मिनिटं कमी असताना उगवतो, ऑक्टोबरात साडेसहाच्या आत. शहरातून नान्नज बार्शी रस्त्यावर वीस-बावीस किलोमीटर, पण गावातून आत माळापर्यंत जायला आणि परवानगीच्या कागदाला वेळ धरा. साडेनऊनंतर जमीन तापते, हवा लहरते, पाचशे मीटरवरचं काळवीट दुर्बिणीत वितळल्यासारखं दिसतं. कॅमेऱ्याची कितीही महागडी भिंग लावा, फोटो मऊच येणार. दोष भिंगाचा नसतो, हवेचा असतो. त्यामुळे एकतर पहाट, नाहीतर चारनंतर. दुपारी नान्नज करणारे लोक "काही नाही हो तिथं" म्हणत परत येतात ते यामुळे.

परवानगी आणि शुल्काचं नान्नजच्या वनखात्याच्या कार्यालयात आदल्या दिवशीच विचारून ठेवा. वाटाड्या मिळत असेल तर घ्याच. मचाण आणि लपणगृहं आहेत, पण कोणतं उघडं आहे ते तेच सांगतील. संध्याकाळी वनरक्षक सांगतील त्या वेळेला बाहेर पडायचं, "अजून पाच मिनिटं" नको.

पार्कचौक

+१. आणि माळढोक दिसलाच तर ठिकाण, वेळ, फोटोतली खूण असलेली टेकडी, काहीही व्हॉट्सॲपवर टाकू नका. फोटोत लोकेशन चालू असतं ते आधी बंद करा. ड्रोन तर अजिबातच नाही.

बुरुजावरचा

नळदुर्ग माझ्याकडे लागलं.

पहिली गोष्ट, नान्नज आणि नळदुर्ग एकाच दिवशी नको. अंतर अडवत नाही (नळदुर्ग शहरापासून हैदराबाद महामार्गावर पन्नासेक किलोमीटर, तासाभराचं काम), उन्हाची वेळ अडवते. नान्नजची पहाट साधली की नळदुर्ग भर दुपारी येतं, आणि नळदुर्ग म्हणजे काळ्या दगडाचा तवा. तटावर सावली नाही. जवळजवळ तीन किलोमीटरचा घेर, ११४ बुरूज सांगतात. आईंना दुपारी दोन वाजता तिथं फिरवणं म्हणजे छळ.

महिना. सोलापूर भागात सगळ्यात जास्त पाऊस जुलैत नाही, सप्टेंबरात पडतो. पुण्या-मुंबईचे लोक जुलैत धबधबा बघायला येतात आणि कोरडा बंधारा बघून जातात. किल्ल्याच्या वरच्या अंगाला बोरी नदीवर धरण आहे. ते भरून सांडायला लागलं की पाणी किल्ल्यातल्या बंधाऱ्यावर येतं आणि नर-मादी (तिथले दोन धबधबे) सुरू होतात. धरण भरलं नाही तर कितीही ढग असोत, धबधबा नाही. म्हणून तारीख ठरवण्याआधी बोरी धरण भरल्याची बातमी शोधा, हवामानाचा अंदाज नाही. साधारण सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य. काही वर्षी धरण भरतच नाही, तेव्हा पाणी महाल कोरडाच बघायचा. तोही बघण्यासारखा आहे, किंबहुना रचना कळायला कोरडाच बरा.

रचना अशी. बोरी नदीला वळवून किल्ल्याला पाण्याचा वेढा दिलाय. नदीच्या एका अंगाला मुख्य किल्ला, दुसऱ्या अंगाला रणमंडळ नावाचा छोटा किल्ला, आणि दोघांना जोडणारी भिंत म्हणजेच बंधारा. उंची सुमारे ९० फूट. या भिंतीच्या पोटात जिने उतरून खोल्या आहेत, तोच पाणी महाल. १६१३ साली दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधला, बांधणारा मीर इमादीन. सांडव्याच्या दोन वाटा भिंतीच्या माथ्यावर अशा काढल्यात की पाणी महालाच्या सज्जासमोरून कोसळतं, आत थेंब येत नाही. सज्जात उभं राहिलं की समोर पाण्याचा पडदा आणि पायाखाली थरथर. चारशे वर्षं पुराचा मारा सोसून भिंत उभी आहे, यातच त्या मीर इमादीनचं काम कळतं. आत फारसी शिलालेख आहे, त्याचा आशय असा की हा महाल पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल. दाजींना तिथे अर्धा तास एकटं सोडा.

आईंसाठी: दरवाजातून आत, मोकळ्या पटांगणातून बंधाऱ्याच्या माथ्यापर्यंतचं चालणं बरंचसं सपाट आहे, दगडी फरसबंदी मात्र उंचसखल. हळूहळू, काठी घेऊन जमेल. पाणी महालात उतरायचे जिने अरुंद, पायऱ्या उंच, आत अंधार आणि वटवाघळांचा वास. पाऊस असला की शेवाळ. गुडघे दुखत असतील तर वरूनच बघावं, तिथूनही सांडवा दिसतो. उपळ्या बुरूज तर त्यांच्यासाठी नाहीच. किल्ल्यातली सगळ्यात उंच जागा ती, बाहेरच्या अंगाने पायऱ्या चढतात आणि कठडा नावापुरता. वर हत्ती तोफ आणि मगर तोफ आहेत. मगर तोफेचं तोंड मगरीसारखं घडवलंय, आठ वर्षांच्या पोराला तेवढं एक दाखवलं तरी ट्रिप वसूल. पण चढताना पोरं भिंतीकडच्या बाजूला, मोठं माणूस खालच्या पायरीवर, हा क्रम सोडू नका. नऊ पाकळ्यांचा बुरूज चुकवू नका, तोही जवळच आहे. कुठल्या कमानीत आग्या माशांचं पोळं लोंबत असेल तर त्या कमानीखाली अत्तर मारून, सिगारेट पेटवून उभं राहायचं नाही.

तिकीट काढून आत सोडतात. सकाळी उघडताना शिरा, अकराच्या आत बाहेर पडा. धबधबा चालू असेल त्या रविवारी दुपारी तिथं मुंगी शिरायला जागा नसते, पार्किंगलाच तास जातो.

आणि दाजींना एक गोष्ट सांगा जी किल्ल्यातल्या फलकापेक्षा महामार्गावर जास्त कळते. १९४७ पर्यंत सोलापूर ब्रिटिश मुलखात (नंतर स्वतंत्र भारतात) आणि नळदुर्ग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरहून याच रस्त्याने हैदराबादकडे निघालं, मेजर जनरल जे. एन. चौधरींच्या हाताखाली, आणि पहिली झटापट नळदुर्गलाच झाली. बोरीवरचा पूल शाबूत हाती येणं महत्त्वाचं होतं, कारण तो उडवला असता तर सगळा ताफा नदीच्या अलीकडेच अडकला असता. पूल शाबूत मिळाला. गाडी नदी ओलांडताना हे सांगितलं तर मागच्या सीटवरचे मोबाईल खाली येतात.

एकरुख

बुरुजावरचा यांचं सगळं मान्य, महिन्याचं पूर्ण नाही. त्यांचा हिशोब धबधब्याचा आहे, भाच्याचा नाही. सप्टेंबरअखेर नान्नजला गवत कमरेएवढं, काळवीट मान वर काढेल तेवढंच दिसतं, भोवते नुकते यायला लागलेले. हिप्परग्याच्या तलावावर तर तेव्हा नुसतंच पाणी, पक्षी तुरळक. दोन्ही गोष्टी एकाच ट्रिपमध्ये हव्या असतील तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा हा एकच सांधा आहे: धरण भरलेलं असेल तर सांडवा अजून थोडा चालू, भोवते आलेले, गवत पिवळं पडायला लागलेलं. धबधबा सोडायची तयारी असेल तर सरळ डिसेंबर-जानेवारी. भाच्याचं मत विचारा, तो डिसेंबर म्हणेल.

फक्त ऑक्टोबरात एक सापळा आहे. नवरात्रापासून तुळजापूरचा रस्ता भरायला लागतो, आणि कोजागिरीला तर सोलापूरहून लाखो लोक चालत तुळजापूरला जातात. त्या एक-दोन दिवसांत सोलापूर–तुळजापूर रस्ता गाड्यांसाठी बंद करून वाहतूक वळवतात. कॅलेंडर बघून आश्विन पौर्णिमेच्या आधीचे आणि नंतरचे दोन दिवस टाळा. तसंच पौष पौर्णिमेला नळदुर्गजवळ मैलारपूरला खंडोबाची यात्रा असते. यात्रा बघायची असेल तर जरूर जा, किल्ला निवांत बघायचा असेल तर नको.

हे सांगायचं कारण असं की तुमचा दुसरा दिवस गोल फिरून होतो: सोलापूर, नळदुर्ग, तिथून तुळजापूर, आणि परतीला हिप्परगा. सव्वाशे-एक किलोमीटर. तुळजापूरला दर्शन (आई-बाबांना ते सोडून कसं चालेल) आणि जेवण, मग उतरत्या उन्हात तलाव. हिप्परग्याचा तलाव तुळजापूर रस्त्यालाच लागून आहे, शहरात शिरायच्या जरा आधी. यालाच एकरुख तलाव म्हणतात, अदिला नदीवर इंग्रजांच्या काळात बांधलेला, १८७१ च्या सुमारास पुरा झाला.

तलावावर कुठे उभं राहायचं ते पाण्याच्या पातळीवर ठरतं. भरलेला असताना पक्षी मधोमध आणि लांब, दुर्बिणीतूनही ठिपके. पाणी उतरलं की कडेचा चिखल उघडा पडतो आणि सगळी गर्दी तिथं: चक्रवाक, थापट्या, शेकाट्या, तुतवार. पट्टकादंब हंस नोव्हेंबर-डिसेंबरपासून. दिवसा काठावर झोपा काढतात, अंधार पडता-पडता शेतांकडे उडतात, म्हणून संध्याकाळ बरी. रोहित (फ्लेमिंगो) यायचे तर पाणी आणखी उथळ झाल्यावर, जानेवारीनंतर, आणि दरवर्षी येतीलच असं नाही. संध्याकाळी सूर्य तुमच्या पाठीशी राहील अशा काठावर जा. समोर सूर्य असला की सगळी बदकं काळी. चिखल वरून वाळलेला दिसतो, खाली घोट्यापर्यंत रुततो. पोरांना दगडी बांधावरून खाली सोडू नका.

होटगीरोडकर

बापरे, एवढं डिटेल! सगळ्यांचे आभार. मग असं ठरवतोय: ऑक्टोबरची शेवटची शनिवार-रविवार जोडी, पौर्णिमा बघून. शनिवारी पहाटे नान्नज, दुपारी घरी आराम, संध्याकाळी शहरातला भुईकोट किल्ला. रविवारी गोल चक्कर. आणखी दोन शंका. ताई म्हणते नान्नजला स्पोर्ट्स शूज आणि लोकरीचे मोजे घालते, चालेल ना? आणि दाजी विचारतायत, "किल्ल्यांपेक्षा जुनं काही आहे का जवळपास?"

माळटिटवी

लोकरीचे मोजे नकोच नकोत! ऑक्टोबरात कुसळी गवत पिकलेलं असतं. त्याचं बी हातात घेऊन बघा: टोकाला सुईसारखं अणकुचीदार, मागे बारीक उलटे केस, आणि त्यामागे बोटाएवढं लांब पिळदार शेपूट. त्या शेपटाला ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत पडतो. असं फिरत-फिरत ते बी जमिनीत स्वतःला रुजवतं. मोज्याच्या विणीत अडकलं तर तिथंही तेच करतं, चालण्याची हालचाल आणि घामाची ओल मिळून ते कातडीपर्यंत पोचतं. ओढून काढायला गेलात तर टोक आत मोडतं आणि ठसठसत राहतं. मोजा काढून, उलट दिशेने नाही, ज्या दिशेने विणीत शिरलंय त्याच दिशेने पुढे ढकलून काढायचं.

उपाय सोपा. गुळगुळीत कापडाची लांब पँट (विणलेली ट्रॅक पँट नाही), पातळ नायलॉनचे मोजे, पँटची टोकं मोज्यांवरून खाली सोडलेली, घोटा झाकणारे बूट. बुटांची जाळी असेल तर कुसळ जाळीतून शिरतं. घोटा झाकायचं दुसरं कारण फुरसं, हा विषारी साप. मुरमाड माळावर दगडाखाली असतं, लहान असतं, रंग मातीचाच. दगड उलटून बघायचा नाही, गवतात हात घालायचा नाही, लघवीला जातानाही वाटेवरूनच. चावलंच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही नाही. पाय हलवायचा नाही, गाडीत घालून थेट सोलापूरच्या सिव्हिलला.

कपडे मळखाऊ रंगाचे. पांढरा सदरा माळावर मैलभरावरून दिसतो, काळवीट तुम्ही गाडीतून उतरायच्या आधीच पाठ फिरवतात. गाडीत बसून राहिलात तर उलट जवळ येऊ देतात, त्यामुळे आई-बाबांचं काहीच बिघडत नाही. नान्नज बसून बघण्यासारखी जागा आहे. इंजिन बंद, काचा खाली, दार धाडकन लावायचं नाही.

खाणं: आत काही मिळत नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, कांदा. कडक भाकरी दोन दिवस टिकते आणि पिशवीत मोडली तरी चटणीत कुस्करून खाता येते. वेफर्सच्या पुड्या नकोत, त्यांची कुरकुर आणि रिकामी पाकिटं दोन्हींचा त्रास. पाणी माणशी किमान दोन लिटर, ऑक्टोबरचा उष्मा कमी समजू नका. येताना नान्नज गावात द्राक्षांची चौकशी करायचा मोह होईल, पण हंगाम जानेवारीनंतर. सोनाका आणि शरद सीडलेस ही वाणं याच गावातली, नानासाहेब काळ्यांनी निवडलेली. म्हणजे ज्या मुरमाड जमिनीवर माळढोक फिरायचा, तिनेच गावाला द्राक्षं दिली. गावकऱ्यांशी बोलताना हे लक्षात असू द्या. अभयारण्याच्या निर्बंधांवर त्यांचा राग होता तो उगाच नव्हता, काळवीट आजही उभी ज्वारी खातं.

शके९४०

दाजींच्या प्रश्नासाठी लॉगिन केलं. हत्तरसंग कुडल. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना जिथं मिळतात तिथं, शहरापासून चाळीसेक किलोमीटर, विजापूर महामार्गावरून आत वळावं लागतं. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख आहे, सर्वांत जुन्या मराठी लेखांत तो गणला जातो: "वाछि तो विजेया होऐवा". शेजारी हरिहरेश्वराच्या देवळात उत्खननात सापडलेलं एक शिवलिंग आहे, अंगावर ३५९ मुखं कोरलेली. प्रत्येक चेहरा वेगळा आहे, पोरांना मोजायला बसवा.

लेख वाचायचा तर टॉर्च समोरून नाही, बाजूने जवळजवळ भिंतीला लावून धरा. अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि ओळ उठून येते. समोरून मोबाईलचा फ्लॅश मारला की दगड नुसता पांढरा होतो. खडू, पीठ, पाणी काहीही लावू नका, हे सांगावं लागतं ही शोकांतिकाच आहे. नदीत पोरांना उतरवू नका, संगमावर तळाचा अंदाज येत नाही. भीमेला पूर असला की देवळापर्यंतची वाटच अडचणीची होते.

पण तुमच्या दोन दिवसांत ते कोंबू नका. रविवारी नळदुर्गऐवजी कुडल, असं निवडावं लागेल. किंवा दाजींना परत बोलवा.

पार्कचौक

शनिवार संध्याकाळचं भुईकोटचं: बरोबर ठेवलंय. बहामनी काळातला किल्ला, दुहेरी तटबंदी, खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. चढ नाहीच, आईंना सगळ्यात सोपं हेच. आत जमिनीखालून निघालेल्या जुन्या देवळाचे खांब बघा, किल्ल्याच्याही आधीचे. १८१८ च्या मे महिन्यात मन्रोच्या फौजेने पेशव्यांकडून घेतला तो हाच. पुरातत्त्व खात्याकडे आहे, संध्याकाळी बंद होतो, तेव्हा चारलाच शिरा, साडेपाचला नाही. नंतर तलावाच्या मधल्या सिद्धेश्वर मंदिरात, आणि चालत चार हुतात्मा पुतळ्यांपाशी. १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. बारा वर्षांच्या मुलाला कळण्यासारखा इतिहास आहे. खायला पार्कवर गाड्या लागतात, तिथं आम्हाला सल्ला द्यायची गरज नाही.

होटगीरोडकर

झकास. शेवटचं एक: भाच्यासाठी दुर्बीण घ्यायची आहे. १०×५० बघितली, "जास्त झूम" म्हणून दुकानदार तीच घ्या म्हणतोय.

एकरुख

नको. दहापट दुर्बीण पोराच्या हातात थरथरते, आणि ५० ची भिंगं म्हणजे वजन. दहा मिनिटांत मान दुखली की गळ्यात नुसती लोंबत राहणार. ८×४२ घ्या, किंवा त्याच्यासाठी ८×३० आणखी हलकी. दुकानातच बघून घ्या की दोन्ही नळ्या त्याच्या डोळ्यांच्या अंतराइतक्या जवळ येतात. बऱ्याच दुर्बिणी मोठ्यांसाठी असतात, लहान तोंडाला दोन वेगळी वर्तुळं दिसतात आणि मूल म्हणतं, "मला काही दिसत नाही."

जुळवायची अशी: उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला लांबची पाटी स्पष्ट करा. मग डावा मिटून, मधलं चाक न हलवता, उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडीवरचा आकडा लक्षात ठेवा. यानंतर फक्त मधलं चाक फिरवायचं. आणि घरीच सराव करून घ्या: आधी नुसत्या डोळ्यांनी कावळा धरायचा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपुढे आणायची. दुर्बीण लावून मग पक्षी शोधायला गेलं तर भोवत्या केव्हाच पुढच्या शेतात गेलेला असतो.